चरबीच्या खात्याचा गणवेश

माझी धाकटी लेक शनिवारी घर सोडून थोरलीकडे कायमची निघाली होती, आणि ते माझ्या तोंडामुळे. हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

आमचं गणवेश शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. रुग्णालयातल्या आया, बसचे वाहक, बंगल्यांच्या दारावरचे पहारेकरी, या सगळ्यांच्या अंगावर आमची शिलाई. मी चौथीतून शाळा सोडली आणि मशीनवर बसले, ती अजून उठलेली नाही. नवरा गेल्यावरही दुकान एक दिवस बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी उघडलं. काजं-बटणं माझे धाकटे दीर करतात. कापणी धाकटीकडे. तिच्यासारखा कापणीचा हात मी दुसरा पाहिला नाही, पण हे तिला कधी बोलून दाखवलं नाही. कारागिराची तोंडावर स्तुती केली की कात्री वाकडी जाते, असं मी मानत आले.

धाकटी लहानपणापासून अंगानं भरलेली. मी काडी, थोरली काडी, हिचे वडील काडी, आणि ही गोणपाट. तेहेतीस वर्षं मी तिला ऐकवत आले. "आडवी होऊन ये गं, दाराची चौकट नवी आहे." असलं काहीबाही. गेल्या वर्षी तिनं मनावर घेतलं आणि आठ महिन्यांत बावीस किलो उतरवले. मी गल्लीभर सांगत सुटले, जसे काही मीच उतरवले.

मग वजन उलटं फिरलं. दोन किलो, चार किलो, सहा. माझ्यासमोर ती चिमणीएवढं खायची. ऐन उन्हाळ्यात इस्त्रीच्या टेबलाशी स्वेटर घालून उभी राहायची, जिना चढताना मध्येच बसायची. मला वाटलं, सोंग आहे. मला वाटलं, चोरून खाते.

सोमवारी पहारेकऱ्यांचा मुकादम साठ गणवेशांची ऑर्डर घेऊन आला. धाकटी कोपऱ्यात स्वतःच्याच विजारीची कंबर उसवून ढिली करत होती. मुकादम बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, "ताई, बारीक झालात की!"

मी म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट आठ महिने नळीत घातलं होतं हो. काढलं, झालं वाकडं. माझी पाठ वळली की डबे कोण उघडतं ते मला कळत नाही थोडंच."

मुकादम हसला. मग त्यानं धाकटीचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

धाकटीनं कात्री टेबलावर ठेवली. आवाज न चढवता म्हणाली, "शनिवारी अकराच्या बसनं ताईकडे जाते. कायमची. तिच्या गावात कापणीला माणूस हवाच आहे."

"जा," मी म्हणाले. "दाराला कुलूप नाही."

तो शब्द मला त्याच क्षणी गिळायचा होता. पण माझं तोंड बाहेरच्याच बाजूला उघडतं, त्याला मी काय करू.

मंगळवारी दुपारी धाकटी जेवून कापडाच्या गठ्ठ्यांवर टेकली आणि तिला डोळा लागला. माझ्याशी बोलणं बंदच होतं. तेवढ्यात दुकानात एक माणूस आला. इतका रोडका, की आधी कोटच चालत आला असं वाटलं. कोट कधीकाळी एखाद्या दांडग्या माणसासाठी शिवलेला असावा. बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या.

"मावशी, गणवेश शिवायचाय."

"कुठल्या खात्याचा?"

"चरबीच्या."

मी चष्मा पुसला. साठ वर्षांत मी टपालखातं शिवलं, अग्निशमन शिवलं, हे खातं नवीनच. "कुठं आलं हे?"

त्यानं गठ्ठ्यांवर झोपलेल्या धाकटीकडे बोट केलं. "तिथं. मी तिच्या चरबीचा निरोप्या. डॉक्टर लोक आम्हाला हार्मोन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात संप्रेरक छापलंय, पण त्या नावानं हाक मारली तर आमच्यातलं कुणी वळूनही बघत नाही."

तो तिच्यातून बाहेर कसा आला, हे मी विचारलं नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला कुठून आलास असं विचारायचं नसतं, छाती किती ते विचारायचं असतं. मी टेप काढली.

"छाती काहीच नाही की रे तुला."

"होती. पूर्वी आम्ही शेकड्यानं होतो. चरबी म्हणजे कोठार, मावशी. कोठारात जेवढा माल, तेवढे निरोपे. आम्ही घोळक्यानं वर जायचो, डोक्यात, साहेबांकडे. ओरडून सांगायचो, माल भरपूर आहे, खर्च करा, शेगडी पेटती ठेवा, भुकेची घंटा हळू वाजवा. इतके जण रोज ओरडायचो की साहेबांना त्याचीही सवय होऊन गेली होती. अर्धं ऐकायचे, अर्धं सोडून द्यायचे. आणि मग हिनं आठ महिन्यांत कोठार उपसलं."

"चांगलंच केलं."

"केलं असेल. पण माल गेला तसे आम्हीही घरी बसलो. आता मी एकटा वर जातो. दारवान माझ्याकडे पाहतसुद्धा नाही. साहेबांना वाटतं, निरोप येत नाही म्हणजे दुष्काळ पडला. त्यांनी शेगडी मंद करायचा हुकूम काढला, सगळी यंत्रं सावकाश चालवा म्हणून सांगितलं, आणि पोटातल्या घंटावालीला म्हणाले, दिवसभर वाजवत राहा. म्हणून हिला थंडी वाजते. म्हणून जिन्यात बसते. आणि चिमणीएवढं खाल्लं तरी त्यातलं निम्मं साहेब दुष्काळासाठी बाजूला काढून ठेवतात."

"म्हणजे ही चोरून खात नाही?"

"चोरून!" तो हसला तसा कोटाच्या आत खुळखुळ आवाज झाला. "तुमचे दीर नाश्त्याला जेवढं खातात तेवढं ही दिवसभरात खाते. भुकेची घंटा कानाशी घेऊन आठ महिने उभी आहे पोरगी. तुम्ही एक दिवस राहून दाखवा."

"मला काय सांगतोस? माझी कंबर सत्तराव्या वर्षी अजून अठ्ठावीस आहे. तोंडावर ताबा हवा माणसाचा."

"तुमच्या कोठारातले आमचे भाऊबंद जन्मापासून बोलके, आणि तुमचे साहेब कानाचे तिखट. दोन घास झाले की तुम्हाला पोट भरल्याचा निरोप पोचतो. त्यात तुमची हुशारी कसली?"

असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. नवरासुद्धा नाही, आणि त्याला बोलायला चाळीस वर्षं मिळाली होती. आपल्या खात्याची बाजू सगळेच घेतात, असं म्हणून मी ते उडवून लावलं. पण टेप लावताना माझं माप चुकलं, तीनदा घ्यावं लागलं.

"आणि गणवेश कशाला हवा तुला?"

"दारवानानं ओळखावं म्हणून. साध्या कपड्यांतल्या माणसाला वर कोण सोडतं?"

हे मात्र मला पटलं. माझा गणवेश घातलेल्याला दारावर अडवल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि दुसरंही मनात आलं. हा वर पोचला, धाकटीची घंटा थांबली, तर पोरीचं डोकं जरा थंड होईल आणि शनिवार टळेल. मला तोंड उघडावंच लागणार नाही. शिवणकामात घर सांभाळता येत असेल तर बोलून कशाला सांभाळायचं?

बुधवारी तो आणखी तिघांना घेऊन आला. एक खंगलेली पण कर्कश बाई, कमरेला पितळी घंटा, ती पोटातली घंटावाली. एक जाडजूड, किल्ल्यांचा जुडगा घेतलेला, तो कोठीवाला. जेवण झालं की रक्तातली साखर उचलून आत कोठीत नेऊन ठेवायची, हे त्याचं काम. तिसरी गळ्यातल्या ग्रंथीची शेगडीवाली. तिचे हात काळे, पण बर्फासारखे गार.

"यांनाही हवेत," निरोप्या म्हणाला. "मला एकट्यालाच मिळाला तर बरं दिसत नाही."

धाकटी तेव्हा थोरलीला फोन लावायला वर गेली होती. बॅगही वरच भरत होती. कापणीला मीच उभी राहिले, सहा वर्षांनी. आमची पद्धत ठरलेली आहे. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर मधल्या मापाचा एकच साचा ठेवायचा आणि एका दमात कापायचं. मुकादमाच्या राखाडी कापडाचा तागा समोर होता. चार थर टाकले आणि चालवली कात्री.

दीर काजं करता करता थांबले. "वहिनी, एक विचारू?"

"विचारू नका."

"चौघांची चार कामं, आणि कपडे एकसारखे?"

"अहो भाऊजी, मग गणवेश म्हणजे काय असतं? आयुष्यभर काजं केलीत आणि एवढंही कळलं नाही?"

"कळलं," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. दिरांना दोनदा सांगावं लागत नाही. त्यांना एकदाही ऐकायचं नसतं.

चौघांनी गणवेश चढवले. निरोप्याला कॉलर इतकी मोठी झाली की त्याचे कान आत गेले. कोठीवाल्याची बटणं ताणली गेली. घंटावालीची घंटा गणवेशाखाली झाकली गेली. पण आरशासमोर ओळीनं उभे राहिले तेव्हा माझा ऊर भरून आला. कोण कुठला, काही पत्ता लागत नव्हता. यालाच मी आजवर शिलाई म्हणत आले होते.

गुरुवारी सकाळी चौघे वर, साहेबांकडे गेले.

दुपारी धाकटी जेवायला बसली. अर्ध्या वाटी भातावर उठली आणि म्हणाली, "पोट तुडुंब झालं." मी दिरांकडे पाहिलं, बघा म्हणून. पाच मिनिटांनी ती परत आली आणि उभ्याउभ्या तीन केळी खाल्ली. तिसरं खाताना रडत होती. "मला नकोय हे," म्हणत होती आणि खात होती. मग अंगात आग लागल्यासारखा स्वेटर काढून फेकला, पंख्याखाली जाऊन उभी राहिली आणि दातांवर दात वाजवायला लागली.

"काय झालंय तुला?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय? शनिवारी जातेच आहे मी."

शुक्रवारी सकाळी तर कहर झाला. तिच्या पोटात काही नव्हतं आणि ती कापायला उभी राहिली. बघता बघता तोंड पांढरं पडलं, कपाळावर घामाचे थेंब, हात लटलट. कात्री तिच्या बोटापासून एवढीशी बाजूला गेली आणि ती राखाडी कापडाच्या ढिगावर बसलीच. बसली म्हणजे पडली.

मी आयुष्यात कधी धावत नाही. त्या दिवशी धावले. दिरांनी साखरेचं पाणी आणलं, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजलं. पहिल्यांदाच मला काही टोचून बोलावंसं वाटलं नाही, आणि त्याशिवाय दुसरं काय बोलतात ते मला येत नव्हतं.

एवढ्यात दुकानाचं दार ढकलून ते चौघे भांडत आत आले.

"तुमच्यामुळे!" एक राखाडी दुसऱ्याला म्हणाला.

"माझ्यामुळे? मी घंटा वाजवायला गेले तर मला म्हणाले, माल भरपूर ना, ठीक आहे, जा!"

"आणि मी म्हणालो काही आवरायचं आहे का, तर दारवान म्हणाला, हो हो, सगळी साखर आत ठेव. अहो, जेवण झालंच नव्हतं! रक्तात होती नव्हती ती उचलून आत टाकली मी!"

"मला शेगडी विझवायला लावली, मग पेटवायला लावली, मग परत विझवायला!"

चौथा काहीच बोलत नव्हता.

मी ओरडले, "गप्प बसा! साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हणाले, कोण कोण आहे ते आधी ठरवून या, नाहीतर मी सगळंच बंद करतो."

"मग ठरवा की!"

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच नीट सांगता येईना. एक म्हणाली, बहुतेक मी घंटा. दुसरा म्हणाला, घंटा तर माझ्या कमरेला लागतेय. दोन दिवस एकाच साच्यात राहून त्यांचं त्यांनाच विस्मरण झालं होतं. मी जवळ जाऊन निरखलं, पण मी स्वतः कापलेलं मलाच ओळखू येईना. अशी चूक आमच्याच दुकानात व्हायची. दुसऱ्या कुठल्या शिंप्याला चार माणसं इतकी एकसारखी करायला जमलीच नसती.

दीर म्हणाले, "वहिनी, आता बोलू?"

"बोला."

"जिच्या अंगातले आहेत तीच ओळखेल."

म्हणजे धाकटीला सगळं सांगणं आलं. कोण आले, का आले, मी काय शिवलं. सांगितलं. दोन वाक्यं मी गाळली, ती दिरांनी घातली. धाकटी साखरेच्या पाण्याचा पेला धरून ऐकत होती. तिच्या तोंडावर रंग परतत होता आणि भुवया वर चढत होत्या.

"आई, तू माझ्या आतल्या माणसांना पहारेकऱ्यांचे कपडे घातलेस?"

"चांगलं कापड होतं."

"चौघांना एक साचा?"

"वेळ नव्हता."

"निदान मापं तरी घेतलीस?"

"घेतली होती," मी म्हणाले. "वापरली नाहीत."

ती उठली. हात अजून थरथरत होते, पण टेप गळ्यात टाकली. पहिल्या राखाडीसमोर जाऊन क्षणभर उभी राहिली. "ही पोटातली घंटावाली. हिला मी डोळे मिटूनही ओळखेन. आठ महिने एक दिवस सुट्टी घेतली नाही हिनं. कामाला चोख आहे, त्याबद्दल माझा काही राग नाही." ती बाई लाजली. "हा कोठीवाला, हा जेवल्यावर जागा होतो. आणि ही शेगडीवाली. हात दे बघू. गार. माझेही असेच असतात आता."

मग ती चौथ्यासमोर आली. खूप वेळ पाहत राहिली.

"हा कोण? याला मी ओळखतच नाही. याचं काही ऐकल्याचं मला आठवत नाही."

रोडक्यानं कॉलरमधून डोकं वर काढायचा प्रयत्न केला. "मी... मी काहीतरी सांगायला येत असतो. आत्ता होतं तोंडात. काय होतं बरं?"

"आठव," बाकीचे तिघे म्हणाले. "तुझा निरोप गेला नाही तर वर दुष्काळच राहणार."

"आठवत नाही हो."

तो निरोप काय होता, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. दीर माझ्याकडे बघत होते. मी निरोप्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या कॉलरशी तोंड नेऊन पुटपुटले.

"काय?" तो म्हणाला. "मोठ्यानं बोला मावशी, कान कॉलरच्या आत आहेत."

मी जरा मोठ्यानं पुटपुटले.

"ऐकू येत नाही!"

हरामखोर कॉलर. माझीच कापणी.

मग मी ओरडूनच सांगितलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली, बघू देत. "अरे, असं सांगायचं की ती चोरून खात नाही! कधीच खात नव्हती! तिची शेगडी मंद केली, तिची यंत्रं मंद केली, दिवसभर कानाशी घंटा लावली, तरी ती उभी राहून साठ-साठ गणवेश कापते. तिच्या जागी मी असते तर चौथ्या दिवशी मुकादमाचं कापड चावून खाल्लं असतं. आणि सांग की तिची आई बारीक आहे ती काही शहाणपणानं नाही. तिच्या अंगातले लोक बोलके आहेत, एवढंच. आणि तिची आई..." इथं मी पदरानं चष्मा पुसला. "तिची आई शेपटाचं जे बोलली ते चुकीचं बोलली. झालं! जा आता वर!"

निरोप्या म्हणाला, "शेवटचं आमच्या खात्याचं नाही, पण पोचवतो."

धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं निरोप्याच्या गणवेशाची पाठ चिमटीत धरली आणि उसवणीची सुई मागितली. मी दिली. तिनं एकेक शिवण उसवायला घेतली.

"याला भरपूर अस्तर घालून फुगवू या का?" मी विचारलं. "पूर्वीसारखा दिसेल. साहेबांना वाटेल, शेकडो जण आलेत."

"नाही. खोटं दाखवलं तर साहेब एक दिवस हात लावून बघतीलच. मापातच शिवायचा. पण रंग लांबून दिसेल असा घ्यायचा." तिनं कपाटातून रस्ता झाडणाऱ्यांसाठी आणलेला नारिंगी तुकडा काढला. मग निरोप्याला विचारलं, "आणि मी काय करू?"

"वेळेवर जेवायचं, पुरेसं झोपायचं. उपाशी राहून कोठार एकदम उपसायचं नाही. साहेब फार संशयी आहेत, ताई. एकदा दुष्काळ पाहिला की वर्षानुवर्षं विसरत नाहीत. काहींचे तर कधीच विसरत नाहीत."

"म्हणजे वजन परत वाढू शकतं."

"शकतं."

आता धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक शिलाई उलटी करून टाके तपासतं तेव्हा असंच बघतं.

"मग तेव्हा तू काय म्हणशील?"

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती, तिन्ही चांगली, तिन्ही वर्मी लागणारी. एकेक करून गिळली. गिळायला वेळ लागला, सवय नव्हती.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"काय?"

"ऐकलंस ते."

"नाही ऐकलं. मशीन चालू होतं."

दिरांनी मशीन बंद केलं. आगाऊ माणूस.

"जाऊ नकोस म्हटलं! उद्या. थोरलीकडे. दुकान चालेल तुझ्याशिवाय, काही बंद पडणार नाही. मला नको आहे तू गेलेली. आणि कापणीचा तुझ्यासारखा हात या गावात कुणाचा नाही. आता कात्री वाकडी गेली तर मला दोष देऊ नकोस."

धाकटीनं नारिंगी कापड टेबलावर पसरलं, थर न टाकता, एकपदरी. खडू उचलला. "हात वर करा," ती निरोप्याला म्हणाली. मग कोठीवाल्याला तपकिरी, घंटावालीला हिरवा, शेगडीवालीला लाल. प्रत्येकाचं वेगळं माप, वेगळा साचा, वेगळी कॉलर. आमच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चौघे जत्थ्यातल्या माणसांऐवजी चार माणसांसारखे दिसायला लागले, आणि मला ते, खरं सांगते, शिलाईला शोभणारं वाटलं नाही. पण मी गप्प राहिले.

चौघे वर गेले. कसे गेले ते याही वेळी मी पाहिलं नाही.

शनिवारी अकराला बस सुटते. पावणेअकराला धाकटी बॅग घेऊन जिन्यावरून खाली आली. मी काजाच्या मशीनशी बसले होते, जे माझं मशीन नाही. तिनं बॅग दाराशी ठेवली, बाहेर रस्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"राखाडी कापडाचा अख्खा तागा कमी पडतोय," ती म्हणाली. "मुकादमाचे साठ व्हायचे नाहीत."

"मी चार वाया घालवले," मी म्हणाले.

"चार गणवेशांना अख्खा तागा लागत नाही, आई."

"दोनदा कापले. पहिल्यांदा बाही उलटी लागली होती. मग परत एकदा. मग..."

ती हसली. गेल्या कित्येक महिन्यांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. बाहेर बस आली, हॉर्न वाजवला, कुणी चढेना म्हणून निघून गेली. धाकटीनं बॅग उघडून कात्री बाहेर काढली. "मुकादमाला फोन कर. सांग, मंगळवारी मिळतील. आणि म्हणावं, चूक दुकानाची होती."

"दुकानाची?"

"बरं. तुझी म्हण."

मी फोन केला. दुकानाची म्हणाले. एका आठवड्यात किती बदलायचं माणसानं.

दुपारी ती जेवायला बसली. पूर्ण वाटी भात घेतला आणि सावकाश खाल्ला. अर्ध्या वाटीशी घास हातात धरून थांबली, जसं कुणी आतून बोलतंय आणि ती ऐकतेय. मग उरलेलाही संपवला. मी भिंतीकडे बघत बसले होते. भिंतीकडे बघणं मला जमायला लागलं आहे, पण पूर्ण नाही.

"आणखी घे की थोडा," मी म्हणाले.

तिनं मान वर केली.

"असं भाऊजी म्हणत होते," मी म्हणाले.

दीर तेव्हा अंगणात होते.